रायव्हल म्हणजे सोबती

मन्मथच्या कुऱ्हाडीचा दांडा कपाळावर बसला तसे गुरुपादप्पा मास्तर विहिरीच्या काठावरच कोलमडले. डोळ्यांत ओघळलेलं रक्त पुसत म्हणाले, "अ‍ॅसॉल्ट. मूळ अर्थ, अंगावर उडी घेणं."

"उडी कुठं घेतली? जाग्यावरनंच हानला की!"

उदगीरच्या शाळेत हयात घालवून मास्तर गावी परतले होते. जुन्या इंग्रजी शब्दांची कुळी काढायची खोड मात्र सुटली नव्हती. मन्मथ त्यांचा चुलतभाऊ. दोघांत एक सामाईक विहीर. यंदाच्या दुष्काळात तळाला जेमतेम पाणी उरलं होतं, आणि मास्तरांच्या पाळीला मन्मथनं त्यांचा दोरच तोडला होता.

"जा, केस कर!" मन्मथ ओरडला. "आता लातूर जिल्हा झालाय. उस्मानाबादचे हेलपाटे न्हाईत. मारनाऱ्याचीबी सोय, मार खानाऱ्याचीबी."

घरी बायकोनं, रत्नम्मानं, जखमेत हळद दाबली. "तुमी शब्दाची कुळी काढत बसा. तो तुमची बुडवून राहिला."

दुपारी मास्तर पुन्हा विहिरीवर गेले. मन्मथ एकटाच तळाशी गाळ उपसत होता. मास्तरांनी काठावरचा सुटा चिरा दोन्ही हातांनी उचलला.

"मन्मथ, रायव्हल कशाला म्हणतात?"

मन्मथनं वर पाहिलं. "अण्णा, दगड टाकायचा तर टाक. इंग्रजी नको."

"लॅटिनमधी रायव्हस म्हंजे ओढा. एका ओढ्याचं पानी पिनारे दोघं, ते रायव्हल. वैरी हा अर्थ मागून आला. जुन्या इंग्रजीत सोबत्यालाबी रायव्हल म्हनायचे."

"हाव? मग त्यातला एक मेला, तर उरल्याला काय म्हनायचं?"

मास्तरांना शब्द सापडेना. हयातीत पहिल्यांदाच. मन्मथ हसला, हसणं घुमत वर आलं. वर्गात हसणाऱ्याला मास्तर बाकावर उभं करत. इथं बाक नव्हता. त्यांनी चिरा सोडला.

दुसऱ्या दिवशी प्रेत दवाखान्यातून घरी आलं, तेव्हा अटकेतल्या मास्तरांनाही पोलिसांनी पंचनाम्यासाठी जीपमधून आणलं होतं. विहिरीतलं पाणी लाल झालेलं. प्रेताला आंघोळ घालायला मन्मथच्या घरात तांब्याभर पाणी नव्हतं. रत्नम्मा आपल्या घरातली एकुलती भरली घागर घेऊन आली, दारात ठेवली आणि मागं सरली.

मन्मथची बायको सिद्धम्मा बाहेर आली. घागरीकडं पाहिलं आणि लाथेनं ती आडवी केली.

प्रेतासमोर मुकाट उभी असलेली गर्दी एकदम कळवळली, "अगं अगं, पानी!" घागर धरायला हवालदारही पुढं झेपावला.

बेड्या घातलेले मास्तर जीपमधून ओली माती पाहत राहिले. त्यांची जीभ कोरड्या ओठांवरून फिरली.