ग्राहकसेवेचा रकाना

ग्राहकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात ती वस्तू तपासायचं काम करायची. मिक्सर, इस्त्र्या, गाद्या, सगळं तिच्या हातून गेलेलं. या खेपेला संपादकांनी चार कंपन्यांचे लॅपटॉप बाजारातून आणवले, नावांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांना क, ख, ग, घ म्हणायचं ठरलं. टिकाऊपणा, वापरायची सोय, खर्च आणि ग्राहकसेवा असे चार रकाने.

टिकाऊपणासाठी तिने प्रत्येकाचं झाकण दोन हजार वेळा उघडलं आणि मिटलं. मनगट भरून आलं. ‘ग’ची बिजागरी बाराशेच्या आतच कुरकुरायला लागली. सोय बघायला शेजारच्या शिंप्याला, एका निवृत्त शिक्षिकाबाईंना आणि ऑफिसातल्या शिपाईमामांना एकेक पत्र लिहायला बसवलं. मामा ‘क’समोरून पाच मिनिटांत उठले. म्हणाले, “हा माझ्या बायकोपेक्षा जास्त प्रश्न विचारतो.” खर्चात तिने नुसती किंमत नाही, तर पुढच्या तीन वर्षांत लागणारी बॅटरीही धरली.

उरली ग्राहकसेवा. साधं गिऱ्हाईक म्हणून फोन करायचा, मासिकाचं नाव काढायचं नाही, हा संपादकांचा नियम. तक्रार चौघांकडे एकच: झाकण उघडलं तरी स्क्रीन काळीच राहते.

‘क’वाल्यांनी वीस मिनिटं नुसतं संगीत ऐकवलं. ‘ख’वाल्या मुलीने तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुकानाचा पत्ता सांगून टाकला. मग तिने ‘ग’चा नंबर लावला.

“नमस्कार. हा कॉल रेकॉर्ड होतोय. सांगा, काय अडचण आहे?”

तिचं पेन जागच्या जागी थांबलं. आवाज थोडा जाड झाला होता, पण शंकाच नव्हती. तो दादा होता.

नऊ वर्षांपूर्वी दादाने कॉलेज सोडलं आणि बाबा रागाच्या भरात म्हणाले, “परत तोंड दाखवू नकोस.” बाबा असं सगळ्यांनाच म्हणायचे, दूधवाल्यालासुद्धा. दूधवाला दुसऱ्या दिवशी यायचा. दादा आला नाही. पहिल्या वर्षी पत्ता न घातलेली दोन पत्रं आली, मग तीही थांबली.

“हॅलो, ऐकू येतंय का?”

“येतंय,” ती म्हणाली. “स्क्रीन काळी राहते.”

“घाबरू नका. चालू करायचं बटण दाबून धरा. मी दहापर्यंत मोजतो.”

तो मोजायला लागला. तिने बटणाला हातही लावला नाही, नुसती ऐकत राहिली. दहा झाल्यावर तिला वाटलं, याने शंभरपर्यंत मोजावं.

“आली का स्क्रीन?”

“आली.”

“छान. नोंदीसाठी आपलं नाव सांगा.”

तिने सांगितलं. आडनावासकट, एकेक अक्षर सुटं करून. पलीकडे कीबोर्डचा आवाज चालला होता, तो बंद पडला.

“लॅपटॉप घरात आणखी कोण वापरतं?” त्याने विचारलं. हा प्रश्न कुठल्याच कंपनीच्या यादीत नसणार.

“आई बघते कधी कधी. तिला हल्ली कमी दिसतं, अक्षर मोठं करून द्यावं लागतं.”

“आणि वडील?”

“वडील तीन वर्षांपूर्वी गेले.”

कॉल रेकॉर्ड होत होता. तो म्हणाला, “नोंद घेतली.” मग त्याने विचारलं, “संपर्कासाठी नंबर?”

“घरचाच देते. आईने तो बदलू दिलेला नाही.” तिने पहिले चार आकडे सांगितले. पुढचे त्यानेच म्हटले.

“आणखी काही मदत हवी आहे का?”

“हो. तुमचा माणूस घरी येऊन बघून जातो का?”

“कंपनीत तशी सोय नाही,” तो म्हणाला. मग हळूच, “पण मी बघतो.”

फोन ठेवल्यावर ती तडक संपादकांच्या टेबलाशी गेली. “‘ग’ला गुण मी देऊ शकत नाही. फोनवर माझा भाऊ होता.” नऊ वर्षांची हकीकत तिने चार वाक्यांत सांगितली.

संपादकांनी चष्मा काढला. “मासिकाचं नाव काढलंस?”

“नाही.”

“मग घरी जा. तो फोन उद्या मी करतो.” दुसऱ्या दिवशी त्यांना फोनवर कुणी बाई भेटल्या. संपादकांनी ‘ग’ला दहापैकी सहा दिले.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “आवाजावरून कसा वाटला? जेवत असेल ना नीट?” तेव्हापासून ती फोनशेजारच्या खुर्चीवर बसून भाजी निवडू लागली. रविवारी सकाळी फोन वाजला. मायलेक बोलले ते आईच्या गुडघ्याबद्दल आणि त्याच्या खोलीतल्या गळक्या नळाबद्दल. बाबांचं नाव दोघांनीही घेतलं नाही. फोन ठेवून आई म्हणाली, “आपण नवा लॅपटॉप घेऊ तो याच्याच कंपनीचा.”

“त्याची बिजागरी टिकत नाही गं.”

“मग बरंच की. सारखा फोन करता येईल.”

महिनाभर दर रविवारी फोन येत राहिला. शेवटी तिनेच विचारलं, “दादा, येतोस कधी?”

“बाबा असते तर भांडून आत आलो असतो,” तो म्हणाला. “आता ते नाहीत, तर आत कसं यायचं तेच कळत नाही.”

“आत नको येऊस. स्टँडवर ये. आम्ही तिथे येतो.”

पुढच्या रविवारी येतो म्हणाला, पण सकाळच्या गाडीने की दुपारच्या, ते सांगितलं नाही. म्हणून मायलेकी सकाळीच जाऊन उभ्या राहिल्या. सगळी गाडी रिकामी झाली, तो उतरला नाही. “घरी जाऊन येऊ या का?” तिने विचारलं. आई बाकावरून हलली नाही. दुपारच्या गाडीतून तो सगळ्यांच्या शेवटी उतरला. केस विरळ झाले होते. आईने पुढे होऊन आधी त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. पिशवी आपल्याकडे असली म्हणजे त्याला परत फिरता येणार नाही, असं तिला वाटलं असावं.