व्हिडिओपुरती जागा

निताने फोन वर धरला, तांबडा ठिपका दाबला आणि पडद्यावर काळी पट्टी आली. जागा अपुरी आहे.

खाली गोधडीवर सरूचे दोन्ही हात एकदम बाहेर फेकले गेले, मान छातीशी वाकली, डोळे एका जागी थिजले. मग अंग ढिलं पडलं. मग पुन्हा हात. निता ठिपका दाबत राहिली आणि पट्टी येत राहिली. शेवटी फोन भुईवर टाकून तिने पोरीला उचललं, पण तोवर ते थांबलंही होतं. सात महिन्यांची सरू आईच्या कानातल्या डुलाला हात घालायला लागली, जसं काही झालंच नव्हतं.

"दचकली असंल," चुलीपाशी बसलेली सासू, गोमतीबाई, म्हणाली. "लेकरं दचकतातच. धनराज तं ताटली पडली तरी दचके."

"हे दचकणं नाही, याडी. दचकलेलं लेकरू एकदाच दचकते. हे एकामागं एक येऊन राह्यलं. अन् झोपेतून उठली की येते."

गोमतीबाईने लाकूड आत सारलं आणि धूर डोळ्यांत गेल्यासारखं तोंड फिरवलं.

सासूला याडी, म्हणजे आई, म्हणायचं निता नवऱ्याकडून, धनराजकडून शिकली होती. धनराज दिवाळीनंतर ऊसतोडीला गेला होता. मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यातली निम्मी दारं अशीच कुलपात होती. लेकरू अंगावरचं, म्हणून यंदा निता मागे राहिली. धनराजने नवा फोन सोबत नेला आणि हा जुना, कोपऱ्याला तडा गेलेला, घरी ठेवला. निताच्या बी.ए.च्या पहिल्या वर्षी घेतलेला. त्या काळी त्याची ऐट होती. आता त्याची निम्मी जागा तो स्वतःच खाऊन बसे, आणि मेमरी कार्ड घातलं तर ओळख दाखवत नसे.

वाशिमच्या लेकरांच्या डॉक्टरांकडे ती मागच्या आठवड्यात जाऊन आली होती. तिथे टेबलावर सरू खदखदून हसली आणि डॉक्टरांची नळी ओढू लागली. निताने हातवारे करून सगळं दाखवलं, तेव्हा आपण खोटं बोलतोय असं तिचं तिलाच वाटलं. डॉक्टरांनी मात्र पेन खाली ठेवलं.

"सांगण्यावरून मला शंका येते, पण मला ते पाहायला हवं. पुन्हा झालं की व्हिडिओ काढा आणि लगेच या. यात उशीर चालत नाही."

उशीर चालत नाही, एवढे तीन शब्द तिने घरी आणले होते.

भाकरी झाल्यावर तिने सरूला पाजून निजवलं आणि फोन मांडीवर घेऊन बसली. आधी गुड मॉर्निंगचे गुलाब गेले. मग टोळीच्या ग्रुपातले व्हिडिओ, उसाने लादलेल्या ट्रॉल्या, चिखलात रुतलेलं चाक, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. आपण कुणाला काही पाठवलं की त्याचीही एक प्रत हा फोन वेगळी जपून ठेवतो, हे तिला आजच कळलं. त्याही प्रती तिने शोधून पुसल्या. बातम्यांचं ॲप गेलं. तिच्या गुणपत्रिकांचे फोटो गेले, कागद पेटीत होतेच. नेट बंद करून ठेवलं, नाहीतर इकडे मोकळी केलेली जागा तिकडे फोन आपणहून भरून टाकायचा.

मग जागा पुरते का पाहायला तिने भिंतीकडे रोखून व्हिडिओ सुरू केला. एका श्वासात तो बंद पडला.

सरूच्या पापण्या हलल्या. निता दचकून वळली. काही नव्हतं.

तेवढ्यात शेजारची हिरीबाई पाण्याची कळशी कमरेवर घेऊन दारात टेकली. भिंतीचा व्हिडिओ काढणारी सून तिने बघितली.

"लेकरू झोपलं अन् माय मोबाइलमंधी. काय दिसून राह्यलं भितीवर?"

"सरूचं दुखणं टिपाचं हाये, काकी. डॉक्टरले दाखवाचं."

"डॉक्टरले पोरगी दाखवतात. मोबाइल कायले दाखवाचा?" हिरीबाई गोमतीबाईकडे वळली. "पोरीले झटका येईन अन् ही उभी राहून शूटिंग करंन काय वो? लग्न हाये काय ते?"

गोमतीबाईने तव्यावरची राख पुसली. "पाणी सांडून राह्यलं तुह्यं," एवढंच म्हणाली.

हिरीबाई गेली. निता मान खाली घालून पडदा वरखाली करत राहिली. हिरीबाई बोलली ते तिच्या मनात आधीपासून सलत होतं. व्हिडिओ काढायचा म्हणजे त्या वेळी पोरीला उचलायचं नाही. हात आवरून समोर उभं राहायचं आणि पाहायचं.

"काय उरलं आता त्याच्यात?" गोमतीबाईने विचारलं.

निताने पडदा शेवटपर्यंत खाली नेला.

"रंजीताचा ढावलो."

नणंदेचं लग्न दोन वर्षांमागचं. सासरी निघायच्या आधी रंजीताने आईच्या गळ्यात पडून ढावलो गायला होता. नवरीने रडत रडत गायचं, रीतच तशी. माहेरच्या एकेका माणसाची, अंगणाची, गुरांची नावं घेत गायचं. शब्द महिनाभर आधीपासून गोमतीबाईनेच तिला शिकवले होते. कुणीतरी फोन सुरू करून खांबाला टेकवला आणि विसरून गेलं, म्हणून तो व्हिडिओ भला लांब होता. नुसता मांडवाचा खांब, येणारीजाणारी पावलं, आणि मधेच रंजीताचा आवाज. दुपारची कामं उरकली की गोमतीबाई तो लावून मागायची. रंजीता आता पुसदपल्याडच्या तांड्यात दिली होती आणि यंदा तीही नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेलेली.

"थोडा कापून ठेवता येते," निता घाईने म्हणाली. "पण कापाले बी आधी जागा लागते, अन् तेच नाही. बाजाराच्या दिवशी मानोऱ्याले नेतो. दुकानवाला उतरवून देईन."

"बाजार कवा?"

"चार दिवस हाये अजून."

गोमतीबाई उठली, नातीजवळ येऊन बसली. सरूच्या मुठीत तिने आपलं बोट दिलं, झोपेतच मूठ आवळली गेली.

"तवरीक हिले आलं तं?"

निताच्या अंगठ्याखाली रंजीताचं छोटं चित्र होतं, तांबड्या ओढणीत चेहरा न दिसणारं. तिने सासूकडे पाहिलं.

"पाहू नको माह्याकडं," गोमतीबाई म्हणाली. "कर."

निताने केलं. फोनने विचारलं, नक्की का. तिने पुन्हा केलं.

मग दोघींनी मिळून जागा ठरवली. गोधडी दारासमोर उजेडात आणली. सरूच्या अंगावरचं झबलं काढलं, म्हणजे हात आणि पोट दिसेल. निता सांगत होती, गोमतीबाई ऐकत होती. तू डोक्याशी बस. तिले उचलू नको. बोलू नको, नाही तं ती तुह्याकडं मान वळवते. गोमतीबाईने एकदाच विचारलं, "रडली तरी उचलू नको?"

"मी म्हणीन तवा उचल."

सरू उन्हं कलताना जागी झाली. आधी हसली. पाय उडवले. निताला वाटलं, आज नाही येणार, आणि असं वाटल्याचं सुख तिला भोगू न देताच पोरीचे हात फेकले गेले.

या वेळी पट्टी आली नाही. पडद्यावर आकडे पुढे सरकत राहिले. निताने दोन्ही कोपरं बरगड्यांशी घट्ट दाबून धरली, म्हणजे फोन हलणार नाही. तिला फक्त सरूचे हात दिसत होते. मान, डोळे, पुन्हा हात. मधेच सरू कळवळून रडली आणि निताच्या छातीतून दूध पाझरून पोलकं भिजलं. ती हलली नाही. एकेक झटका ती मनात म्हणत गेली, हा आला, हाही आला.

"उचल," ती म्हणाली आणि ठिपका पुन्हा दाबला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने दोघी वाशिमला पोचल्या. सरू वाटेतच झोपली. गोमतीबाई तिला घेऊन बाहेरच्या बाकावर बसली, आणि निता एकटी फोन घेऊन आत गेली.

डॉक्टरांनी व्हिडिओ पाहिला. मग मागे नेऊन पुन्हा पाहिला.

"हेच," ते म्हणाले. "पोट दुखणं नाही, दचकणं नाही. मेंदूतून येणारे झटके आहेत. यावर औषध आहे, पण आजच सुरू व्हायला हवं. चिठ्ठी देतो, इथूनच अकोल्याला जा. तिथे मेंदूचा आलेख काढतील. हा व्हिडिओ त्यांनाही दाखवा. बरं केलंत, एवढा नीट आणलात."

ते चिठ्ठी लिहू लागले. टेबलावर व्हिडिओ अजून चालूच होता. निताने पहिल्यांदाच तो पाहिला. काल तिने पडद्याचा मधला भागच पाहिला होता. आता तिची नजर वरच्या कडेला गेली.

तिथे गोमतीबाई होती. नातीवर सावली पडू नये म्हणून एका बाजूला झुकलेली, भिंतीला खांदा लावून. ओढणीचा पदर तिने गोळा करून तोंडात कोंबला होता आणि दातांनी आवळून धरला होता. गालांवरून पाणी गळ्यापर्यंत वाहत होतं. तिचा आवाज कुठेच नव्हता. मधेच एकदा तिने वर, सरळ फोनकडे पाहिलं, आणि सरूचा हात फेकला गेला तसे घाईने डोळे खाली वळवले.

डॉक्टरांनी चिठ्ठी पुढे केली. निताने फोन उचलला, व्हिडिओ थांबवला.

बाहेर सरू जागी होऊन आजीच्या हातातल्या बांगड्या चावत होती. गोमतीबाई उठून उभी राहिली.

"काय म्हणे डॉक्टर?"

"दुखणं सापडलं. औषध हाये. आत्ताच अकोल्याले जा म्हणे."

गोमतीबाईने मान हलवली. पिशवी खांद्याला अडकवली, मग थांबली.

"अन् त्या शूटिंगमंधी," ती भिंतीकडे पाहत म्हणाली, "माहं तोंड बी आलं काय?"

"नाही, याडी," निता म्हणाली. "एकटी सरूच आली."

"बरं झालं," गोमतीबाई म्हणाली आणि पायरी उतरू लागली. "चाल मंग. गाडी लागली असंल."