वाळल्या गवतातली गाडी

मुलांनो, अशी कल्पना करा, की पाच तास गाडी चालवून तुमचे बाबा पार गळून गेलेत, आणि डोंगराच्या कडेला एका झाडाची गार सावली दिसते आहे. या गोष्टीतल्या बाबांनी ती सावली पाहिली आणि गाडी सरळ गुडघाभर वाळल्या गवतात घातली.

“बाबा, इथे नको,” मागून लेक म्हणाली. “गाडीखालचा सायलेन्सर तापलाय. गवत पेटेल.”

“गाडी काय गवताला चावते का गं? माझ्या कंबरेचा काटा ढिला झालाय. गाड्या लावायचं खडीचं मैदान पार खाली राहिलं. तिथून सामान घेऊन इथवर सावलीत कोण चढणार?”

“मागच्या उन्हाळ्यात असाच अख्खा डोंगर जळाला. मावशीने सांगितलंय.”

“बरं, मास्तरीणबाई. उतरा आता.”

बाबांनी डोळे मिटले. पिवळं गवत उतारावरून थेट खालच्या घरांपर्यंत गेलं होतं, ते त्यांनीही पाहिलं होतं. पण आता त्यांना फक्त पाठ टेकायची होती.

लेक उतरली नाही. सोडलेला पट्टा तिने पुन्हा लावला, सामानाची जड पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि म्हणाली, “चला, खाली जाऊ.”