श्यामसुंदररावांचा वाडगा

श्यामसुंदररावांना नवरा म्हणून पसंत करायला जयमालाबाईंना एक कप चहा पुरला होता. राकूची, म्हणजे जपानी पद्धतीनं भांडी भाजायची, भट्टी निवडायला मात्र त्यांनी अख्खा हिवाळा घालवला. विजेची भट्टी नेरुळच्या फ्लॅटमध्ये कशीबशी बसली असती. पण राकूचं भांडं लालबुंद असतानाच चिमट्यानं बाहेर काढून भुशात टाकायचं असतं, आणि तो धूर सोसायटीच्या सेक्रेटरींना कोण समजावणार! शेवटी पत्र्याच्या पिंपाला आतून आगीला दाद न देणारी लोकर लावलेली गॅसची भट्टी ठरली. जागा दिली मातीकामाच्या क्लासातल्या नमितानं, सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या तिच्या घरामागे.

"काकू, आमचं आंगन मोकलं हाय," ती म्हणाली. "सुकटीचा वास चालतो, तं धुराचा कुनाला तरास?"

मग ग्लेझचा, म्हणजे भांड्याला चकाकी देणाऱ्या लेपाचा, घोळ. तांब्याचं ग्लेझ मोरपंखी चमकतं, पण भारी लहरी. पांढऱ्याला बारीक भेगा पडतात आणि धूर त्यांत शिरून काळी जाळी उमटते. जयमालाबाईंचं काही ठरेना.

"पांढरं घे," श्यामसुंदरराव सोफ्यावरून म्हणाले. "आणि माझा वाडगा पण घाल त्यात."

बेलापूरच्या ऑफिसात जन्मभर नकाशे काढलेल्या या माणसानं कंपवात सुरू होण्याआधी हौस म्हणून जयमालाबाईंच्या चाकावर एकच वाडगा केला होता. काठ अगदी एकसारखा. कच्चा भाजून तो काचेच्या कपाटात बसला होता, आणि पुसायलासुद्धा त्या कुणाला हात लावू देत नसत.

"अहो, ती गुळगुळीत माती आहे. राकूच्या मातीत भाजलेल्या मातीची भरड घालावी लागते, तरच ती तो झटका सोसते. हा फुटेल."

"फुटू दे."

"क्लासात विजेची भट्टी आहे. तिथे नीट भाजून आणते ना!"

"आणि परत कपाटात ठेवशील. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवशील, यांचे हात कसे होते ते." ते चिडले नव्हते, हे जयमालाबाईंना जास्त लागलं. "जयू, मी इथेच बसलेलो असतो गं."

रविवारी सारसोळ्याला श्यामसुंदररावांना अंगणात खुर्चीवर बसवून जयमालाबाईंनी पांढरं ग्लेझ लावलेला वाडगा भट्टीत ठेवला. मनातून त्या नवऱ्यावर जाम रागावल्या होत्या. भांडी लाल झाली, ग्लेझ ओलं दिसायला लागलं. वाडगा चिमट्यात धरून त्यांनी बाहेर काढला आणि भुशापर्यंत पोचायच्या आतच टण्णकन आवाज झाला. अर्धा चिमट्यात राहिला, अर्धा खाली पडला.

नमितानं गॅस बंद केला. जयमालाबाई अंगणातच मटकन बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. श्यामसुंदरराव खुर्चीवरून उठले, सावकाश त्यांच्याजवळ आले.

"घरी गेल्यावर चाक लावून देशील?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला जमणार आहे का आता? किती थरथरतायत हात. वेडावाकडा होईल."

"होऊ दे की. त्या हातांचा वाडगा इतकी वर्षं जपलास," ते म्हणाले. "या हातांचा तुझ्याकडे एकही नाहीये."

जयमालाबाईंनी डोळे पुसले आणि उठायला नवऱ्याचाच थरथरता हात धरला.