तिसरी सुई झाली की या

एसटीचा संप मिटला आणि साकोलीहून पवनीकडे गाड्या सुरू झाल्याचे ऐकले, तेव्हापासून माझा जीव एकोडीत लागेना. माझा थोरला भाऊ बुधराम तिकडे गोसीखुर्द धरणाच्या बाजूला राहत होता. आमचे माहेरचे गाव धरणाच्या पाण्यात गेले, तेव्हा त्याला पुनर्वसनाच्या गावात प्लॉट मिळाला. ज्या नदीत आमचा बाप मासे मारायचा, तिच्याच साचलेल्या पाण्यात तो जाळे टाकू लागला. त्याला डोळ्यांनी पाहून मला वर्षाच्या वर झाले होते.

मधल्या काळात मी मरता मरता वाचले होते. दुसऱ्या लाटेत कोरोना झाला, दवाखान्यात नाकाला नळी लावून पडले. घरी आले तेव्हा न्हाणीपर्यंत जायलाही सून रंजूचा खांदा लागत होता. बोलण्याइतका श्वास आला तसे मी आधी भावाचे विचारले. माझा मुलगा धनराज म्हणाला, "मामा बरा हाये. तू तुयं पाहा आधी."

मग मी फोन लावायला सांगितला. बुधरामभाऊला फार आधीपासून कमी ऐकू येई. फोन कानाला लावला की तो नुसता हॅलो हॅलो करायचा आणि चिडून पोराच्या हातात द्यायचा. त्यामुळे मी बोलायची, त्याचा मुलगा प्रीतम ते त्याला ओरडून सांगायचा, आणि तो काय म्हणाला ते मला कळवायचा. आमचे असेच चालत आले होते. म्हणून आजारानंतरही तसेच चालले, त्याचे मला काही वाटले नाही.

"बाबा म्हनतात, घाई नोको करू. दुसरी सुई घे, मंग ये."

मी दुसरी सुई घेतली. त्यानंतर एसटीचा संप लागला. संप लांबला, हिवाळा गेला, मोहफुले पडून वेचून झाली. वहिनीला फोन दे म्हटले, तर ती कधी चुलीपाशी असे, कधी तळ्यावर, कधी कुणाच्या घरी. गाड्या सुरू झाल्यावर मी येते म्हटले, तर प्रीतम म्हणाला, "साठीवरच्यायले आता तिसरा डोस निंगाला, आत्याबाई. बाबाच्या छातीत दम नाई. तिसरी सुई झाली की या."

"त्याची झाली का तिसरी?"

प्रीतम म्हणाला, "बुधवारी आमच्या शाळेत शिबिर हाये. तवा नेतो बाबाले."

तिथेच माझ्या मनात आले. माझ्या दुसऱ्या सुईला नऊ महिने होऊन गेले होते. सुई एकोडीत घेतली काय अन् तिकडे घेतली काय, सुई ती सुईच. तिकडेच घ्यावी. भाऊ रांगेत असेलच. मागून जाऊन पाठीत एक धपाटा घालावा आणि म्हणावे, आता बोल, कोणती सुई राहिली?

मी कुणाला सांगितले नाही. चष्मा दाखवायला साकोलीला जाते, असे रंजूला सांगून निघाले. पिशवीत लाखोरीच्या डाळीचे वडे घेतले होते. ते त्याला इतके आवडत की लहानपणी माझ्या ताटातले चोरायचा. एक नवा दुपट्टाही घेतला होता, उन्हात डोक्याला बांधायला.

शाळेत पोचले तेव्हा ऊन चढले होते. वऱ्हांड्यात बाया एकीकडे आणि पुरुष एकीकडे बसले होते. मास्कची सक्ती सरकारने उठवली होती, तरी म्हाताऱ्या माणसांनी तोंडे बांधलेलीच होती. मी पुरुषांच्या बाजूला नजर फिरवली. भाऊ दिसला नाही. ऊन उतरल्यावर येईल, असे धरले. मुद्दाम कुणाला विचारलेही नाही. विचारले असते तर बातमी माझ्या आधी त्याच्या घरी पोचली असती.

माझ्या शेजारी दुसऱ्या बुडालेल्या गावाची एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "एक झाली, दोन झाल्या, आता तिसरी. माया जावयानं मले जेवाले इतक्यादा नाई बोलावलं बाप्पा."

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले.

सुई देणारी मुलगी ज्योत्सना म्हणून होती. जवाहरनगरला वाढलेली, बोलायला गोड. तिने माझे आधार कार्ड पाहिले. "आजी, एकोडीहून इतक्या दूर आल्या? मोबाइल नंबर कोनाचा हाये हा?"

"पोराचा."

"मंग मेसेज त्यायच्याच फोनवर जाईन."

जाऊ दे म्हटले. मेसेज जाईपर्यंत मी भावाच्या अंगणात बसलेली असेन.

सुई झाली. ज्योत्सनाने मला वर्गात बाकावर बसवले आणि अर्धा तास उठायचे नाही म्हणून बजावले. बाक दाराशीच होता, तिथून सुईची खुर्ची समोर दिसत होती. एकामागून एक बाया येत होत्या, दंड उघडा करत होत्या, तोंड फिरवत होत्या. मग एक वाळलेली बाई येऊन बसली. पदर कपाळाच्या खाली ओढलेला, तोंडावर मास्क. मी ओळखले नाही. तिने पोलक्याची बाही वर सारली आणि दंडावर गोंदलेला विंचू दिसला.

तो विंचू मी गोंदताना पाहिला होता. वहिनी नवी नवरी होती, जत्रेत गोंदणारणीपुढे बसली, आणि मी तिचा दुसरा हात धरून तिला हसवत होते. निर्मलावहिनीच ती. मला इतका आनंद झाला की मी बाकावरूनच ओरडले, "वहिनी! वो वहिनी!"

तिने मान वळवली. तोवर माझी नजर दंडावरून खाली आली होती.

मनगट रिकामे होते.

मी दुसरा हात पाहिला. तोही तसाच. मासे साफ करताना बांगड्या फुटतात, नव्या भरायच्या राहिल्या असतील, असे मी स्वतःशी म्हटले. खरेच म्हटले. तेवढ्यात तिने मास्क खाली ओढला, पदर मागे सरकला आणि कपाळ दिसले. मी त्या कपाळाकडे पाहत राहिले. ज्योत्सनाने सुई दिली, कापूस लावला, आणि वहिनी उठून सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"सुई घ्याले आल्या का, सखाबाई?"

मी मान हलवली.

"भाऊ मेला तवा नाई आल्या. दहाव्याले पानी द्याले नाई आल्या. वरीस झालं, वरसीले नाई आल्या. अन् सरकारनं फुकटची सुई काढली त बरोबर आल्या. जीव लय प्यारा हाये तुमाले!"

वऱ्हांड्यातले बोलणे थांबले. ती जावयाची थट्टा करणारी म्हातारी दारातून डोकावू लागली.

मी विचारले, "कोन मेला?"

"कोन मेला म्हनते! आयका वो बाया! इचे सोंग पाहा!"

"कोन मेला, वहिनी?"

ती पुढे काही बोलणार होती, पण माझ्या तोंडाकडे पाहून थांबली. मी पिशवीतून डबा काढत होते. का काढत होते ते मला आजही सांगता येणार नाही. हात आपसूक चालत होते. डबा उघडून मी तिच्यापुढे धरला. "भाऊसाटी वडे आनले. लाखोरीचे. अन् हा दुपट्टा. तो कुटी हाये? प्रीतम म्हने, आज आनतो त्याले सुईले."

वहिनीने वड्यांकडे पाहिले. दुपट्ट्याकडे पाहिले. मेलेल्या माणसासाठी कुणी दुपट्टा घेऊन येत नाही. ती तशीच फरशीवर खाली बसली.

ज्योत्सना धावत आली. तिला वाटले, सुईचाच काही त्रास झाला. तिने माझी नाडी धरली, पाणी दिले. "आजी, चक्कर येऊन राहिली का? छातीत भरून येते का? उठू नका." मी उठणार नव्हते. समोर फळ्यावर मुलांच्या सुट्टीआधीचा पाढा तसाच राहिला होता, तो मी वाचत होते. पुन्हा पुन्हा वाचत होते.

तेवढ्यात मोटारसायकलचा आवाज आला. प्रीतम होता. सुईचा मेसेज धनराजच्या फोनवर गेला होता. त्यात इथल्या शाळेचे नाव पाहून त्याच्या ध्यानात आले आणि त्याने लगेच प्रीतमला फोन केला. प्रीतम धापा टाकत वर्गात आला. आई फरशीवर, आत्या बाकावर, मध्ये उघडा डबा. तो दारातच थबकला.

वहिनी त्याला म्हणाली, "तू त मले सांगतलं होतं का इले सगळं मालूम हाये. भेवानं येत नाई म्हने. कोरोनाले भेते म्हने."

"आई, आत्या तवा दवाखान्यात होती. धनराजभाऊ म्हने, सांगतलं त वाचनार नाई. मंग बरी झाल्यावर सांगू म्हटलं…"

"अन् मले काहून खोटं बोलला?"

"तू फोन केला असता. तुया रडन्यानं कळलं असतं तिले."

मी त्याला म्हणाले, "प्रीतम, परवा तू मले सांगतलं, बाबा म्हनतात का काढा पेत जा, सर्दी राहिली हाये. ते कोन म्हनलं?"

मी पुढे विचारले.

"वरीसभर मी कोनाशी बोलली?"

"माह्याशी, आत्याबाई."

"होळीले मी त्याले शिवी देल्ली त तो हासला म्हने. कोन हासलं?"

प्रीतम चाळिशीचा गडी, दोन लेकरांचा बाप. तो दाराच्या चौकटीला डोके लावून रडू लागला. मला त्याचा राग आला नाही. मला काहीच आले नाही. हे रडतात कशाला, असेच वाटत होते. वर्षभर मी सण केले होते. मकरसंक्रांतीला वाण वाटले होते, नव्या बांगड्या भरल्या होत्या, भावाच्या नावाने चार दिशांना जेवणातला घास काढून हसले होते की तिकडे त्याला उचकी लागली असेल. घरात रंजू ते पाहत होती. धनराज पाहत होता. सगळे पाहत होते.

अर्धा तास झाला तसे ज्योत्सनाने मला जाऊ दिले. ताप येईल, गोळी घ्या म्हणाली आणि हातात दोन गोळ्या ठेवल्या.

घर शाळेच्या मागच्या गल्लीत होते. मी अंगणात पाय ठेवला आणि त्याची खाट पाहिली. तिच्यावर चादर घालून मिरच्या वाळत टाकल्या होत्या. कुडाच्या बाजूला कोंबड्यांसाठी जाळी केली होती, ती त्याच्या जाळ्याची. त्याने स्वतः विणलेले जाळे, त्याच्या हातची गाठ मी ओळखते. ह्या घरात तो वर्षापूर्वी मेला होता आणि घर पुढे गेले होते. माझा भाऊ तर आत्ता, शाळेच्या बाकावर मेला होता. आत भिंतीवर त्याचा फोटो होता, धनराजच्या लग्नातला, कापून घेतलेला. त्याच्या खांद्याला माझ्या लुगड्याचा काठ अजून दिसत होता.

वहिनीने मला बसू दिले नाही. आमच्याकडे दूरच्या माणसाची मरणाची बातमी सुतक फिटल्यावर कळली, तरी ऐकणाऱ्याला डोक्यावरून पाणी घ्यावे लागते. तिने न्हाणीत बादली भरून ठेवली. माझा सुईचा हात वर होईना. मग तिनेच गडवा घेतला. तिचाही तोच हात दुखत होता. ती दुसऱ्या हाताने माझ्या डोक्यावर पाणी घालत राहिली आणि मी ओल्या लुगड्याने बसून राहिले. बाहेर प्रीतमचा फोन वाजत होता. धनराजच असणार. कुणी उचलला नाही.

कोरडे नेसून झाल्यावर तिने मला चुलीपाशी बसवले.

मी म्हणाले, "वहिनी, मले सांगा."

"काय सांगू?"

"सगळं. कसं झालं ते."

तिने चुलीतले लाकूड पुढे सारले. मग म्हणाली, "कोनीच नाई पुसलं वो मले. गावात घरोघरी मानूस गेलं होतं, सगळ्यायले सगळं मालूम. सांगू कोनाले?" तिने पदराने डोळे पुसले आणि सावरून बसली. "पहाटचे जाळ्यावर गेले होते. आले त म्हने अंग कसकस करते. मी म्हटलं, ऊन लागलं. कांदा घासून देल्ला पायाले. चहा मांगतला, अर्धा पेले. दुसऱ्या दिवशी ताप. प्रीतमनं गोळी आनली. रातच्यानं लय घाम आला, चादर भिजली सगळी…"

मी तिच्या तोंडाकडे पाहत ऐकत होते. घाम आला म्हणजे चांगले, एवढे मला माहीत होते. मी जरा पुढे सरकले.

"मंग?" मी विचारले. "उतरला का ताप?"