तीन भोकांचं कातडं

"हात पुढे कर. दोन्ही!"

नाझिपाने ओंजळ पुढे केली आणि थोरल्या दिराने तिच्यात काडतुसं टाकली, कोंबड्यांपुढे दाणे फेकावेत तशी. टोळीची रीतच होती ती. मरालाच्या, त्या डोंगरी मोठ्या हरणाच्या, शिकारीला निघताना म्होरक्याच्या हातून गोळ्या घ्यायच्या, ओंजळीत घ्यायच्या आणि त्याच झाडायच्या. म्होरक्या कोण, तर तोलेउताय. नाझिपाच्या नवऱ्याचा सख्खा भाऊ. घरच्या वळणाप्रमाणे ती त्याचं नाव घेत नसे, नुसतं 'आगा' म्हणे. पण त्या दोन अक्षरांतही ती असा काही दगड भरायची की बस्स!

तिने एक काडतूस उजेडात धरलं. गोळी टोकापर्यंत तांब्यात मढवलेली, सुईसारखी.

"आगा, ही कडक गोळी आहे. या बरगडीतून शिरेल, त्या बरगडीतून निघेल. मराल दोन डोंगर ओलांडेल तरी त्याला कळायचं नाही आपण मेलोय म्हणून."

"कातडं फाटत नाही हिने. मांस नासत नाही. बाबा जन्मभर हीच वापरत होते."

"बाबांचा नेम मानेवर बसायचा."

घोड्याचा तंग आवळणारा येरसाइन फिसकन हसला. टोळीतला सगळ्यात वाचाळ माणूस तो. आगाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू मिशीतच गोठलं.

"शाळेच्या भट्टीत कोळसा ढकलणारी बाई मला गोळ्या शिकवणार?" आगा म्हणाला. "गाईच्या पाठीवर खोगीर शोभतं का? भाऊ गेला त्याच दिवशी त्याची बंदूक माझ्या भिंतीवर यायला हवी होती."

"भिंत तुमची मोठी आहे, हे खरं."

"माझ्या गोळ्या चालवणार की नाही?"

नाझिपाने खिशातून आपलं काडतूस काढलं. गोळी जड, आणि टोकाला शिसं उघडं. तिचा नवरा हीच वापरायचा. ही आत शिरली की फुलते आणि आतच थांबते. पण जड असल्यामुळे लांबवर खाली पडते, म्हणून उन्हाळाभर नाझिपा नदीकाठी फळीवर नेम धरत बसली होती. खांदा काळानिळा झाला होता. गावाने यथेच्छ हसून घेतलं होतं.

"माझी ही चालवणार."

म्होरक्याची गोळी नाकारणं म्हणजे त्याच्या ताटातला घास थुंकणं.

"ठीक," आगा म्हणाला. "सगळे ऐका! हिच्या गोळीने जनावर जखमी होऊन पळालं, तर संध्याकाळी बंदूक माझ्या घरी."

"आणि तुमच्या गोळीने पळालं तर?"

"तर जन्मात मागणार नाही. घे!"

टोळीला परवाना एकाच मरालाचा होता. जखमी झाला की तोच आपला. दिवस लागो की दोन, मागावर जायचं. परवाना त्याच्यावरच संपला.

सकाळी वरच्या देवदारांतून आगाच्या बंदुकीचा आवाज आला. येरसाइन धावत गेला. आगा गवतात चार पावलं फिरला, वाकला, उठला. "लागलीच नाही," म्हणाला. "रक्ताचा थेंब नाही. चला, बसा आपापल्या जागी."

दुपारी तोच नर नाझिपाच्या ओढ्यात उतरला. घोड्याएवढा! पण चाल कशी तरी वाटत होती, मान खाली, दर दहा पावलांना थांबत होता. नाझिपाने श्वास धरला, खांद्यामागे नेम धरला, वर जरा जास्तच, आणि चाप ओढला. मराल गुडघ्यावर आला आणि तिथेच आडवा झाला.

कातडं सोलताना आगाचं म्हणणंही खरं ठरलं. शिशाने खांद्याचं मांस काळं रबरबीत करून टाकलं होतं. कुत्र्यालाच घालायच्या लायकीचं. तिने ओठ चावला. मग सुरी पोटाकडे गेली आणि थांबली.

एक बारीक भोक. पलीकडच्या बाजूला तसंच दुसरं. आतडी फुटलेली, पोटात सगळं रक्त साकळलेलं.

सकाळपासून हा असाच हिंडत होता.

येरसाइनही वाकून पाहत होता. या वेळी तो हसला नाही. "वहिनी, पुरून टाकू का? कातडं?"

"का? चोरी केलीये का आपण?"

पहिलं रक्त ज्याच्या गोळीने, कातडं त्याचं. हीसुद्धा टोळीचीच रीत.

पायवाटेवर बाकीचे वाट बघत होते. "सिरालगी!" ते ओरडले. शिकार घेऊन येणाऱ्याला हा शब्द ऐकवला की तो वाटा देतोच, देणार नाही तो शिकारीच नव्हे. नाझिपा हसत घोड्यावरून उतरली आणि चांगल्या बरगड्या वाटत सुटली. काळा खांदा तिने स्वतःच्या पिशवीत ठेवला होता.

आगाने वाटा मागितला नाही. दगडावर बसून बुटाचा चिखल खरवडत राहिला.

"मागा की, आगा."

"बायकांकडे मागत नाही मी."

"मग न मागता घ्या. हे तुमचंच आहे."

तिने कातडं त्याच्यासमोर उलगडलं. खांद्यावर मोठं भोक, पोटावर दोन बारीक. त्यांच्याशेजारी तिने आगाने सकाळी दिलेली पाच काडतुसं ओळीने मांडली, एकही न झाडलेली.

येरसाइन घोड्याच्या आयाळीत बोटं घालून उभा होता.

घेतलं तर कबुली. नाकारलं तर बापाची रीत मोडली. आगाचा जबडा हलत राहिला.

"कुंपणावर टाक," शेवटी तो म्हणाला. "जाताना."

त्या संध्याकाळी बंदूक मागायला कुणी आलं नाही. नाझिपा चुलीपुढे बसून खांद्यातला काळा भाग कापून काढत राहिली, चांगला तुकडा कुठे सापडतोय ते बघत. फार थोडा सापडला.

पहाटे ती शाळेची भट्टी पेटवायला निघाली. आगाच्या कुंपणावर कातडं तसंच लोंबत होतं, हिवाने गोठून फळीसारखं ताठ. कातड्यासोबत तिने ठेवलेली काडतुसं मात्र कुणीतरी उचलून नेली होती. आत खिडकीत दिवा होता आणि दिव्याशेजारी कुणीतरी पाठमोरं उभं. मोठं भोक खांबाआड गेलं होतं; दोन बारीक भोकांतून त्या दिव्याचे दोन ठिपके रात्री पडलेल्या बर्फावर उमटले होते.

नाझिपा ते न तुडवता, बाजूने पाऊल टाकून पुढे गेली.