एकसष्टावा ठिपका

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये सुकदेव आप्पा सव्वीस वर्षं चेकिंगच्या टेबलावर होते. टेबल काचेचं, काचेखाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकत जातं आणि माणसाने नुसतं बघायचं. हे काम ज्याला सोपं वाटे त्याला आप्पा मोठ्या प्रेमाने एक दिवस शेजारी उभं करत. दुपारच्या सुट्टीपर्यंत त्या गड्याला जिकडेतिकडे डागच दिसायला लागत, डब्यातल्या भाकरीवरसुद्धा. आप्पांनी पाहिलेल्या प्रत्येक ताक्याच्या, म्हणजे कापडाच्या ताग्याच्या, टोकाला त्यांची सही असे, आणि सव्वीस वर्षांत त्यांच्या सहीचा एकही ताका व्यापाऱ्याकडून परत आला नव्हता. ही गोष्ट ते राहत त्या डिंडोलीत ज्याला माहीत नाही तो नव्याने राहायला आलेला असणार, आणि त्यालाही ती आठवडाभरात कळत असे.

त्यांची मुलगी उज्ज्वला पुण्याला आकाशातल्या स्फोटांवर पीएच.डी. करत होती. आप्पांना तिचा फार अभिमान होता, फक्त तो सांगायची पंचाईत होती. दुसऱ्याचं पोर बँकेत लागलं की बापाचं एका वाक्यात भागतं. आप्पांना दर वेळी अब्जावधी वर्षांपूर्वीपासून सुरुवात करावी लागे, आणि ते मुद्द्यावर येईपर्यंत ऐकणाऱ्याची रिक्षा निघून जायची वेळ होई.

उतराणीच्या, म्हणजे संक्रांतीच्या, सुट्टीत उज्ज्वला घरी आली ती लॅपटॉप घेऊनच. लडाखमधली एक दुर्बीण तिचा गट लांबूनच चालवत असे, आणि त्या आठवड्यात संध्याकाळची पाळी तिची होती. म्हणजे सगळी गल्ली गच्चीवर पतंगांच्या नादात असताना ही बाई खोलीत बसून हिमालयातल्या ढगांची चौकशी करणार. सरलाबाईंनी, तिच्या आईने, यावर एवढंच म्हटलं की बसलीच आहेस तर वालपापडी सोल. उज्ज्वला सोलायला बसली.

पावणेसातच्या सुमाराला तिचा फोन वाजला. तिने पापडीची परात बाजूला सारली आणि लॅपटॉप उघडला. आप्पा तेव्हा गच्चीवरून मांज्याने कापलेलं बोट घेऊन खाली आले होते आणि हळद शोधत होते. मुलीचा चेहरा पाहून ते हळद विसरले.

काय झालं ते तिने त्यांना सांगितलं. एका उपग्रहाला गॅमा किरणांचा स्फोट दिसला होता. अकरा सेकंदांचाच, पण फार दूरचा. कुठेतरी एक भलामोठा तारा मेला होता आणि मरता मरता त्याने टाकलेला झोत आज आपल्यापर्यंत पोहोचला होता. अडचण अशी, की उपग्रहाला दिशा अंदाजानेच कळते. त्याने आकाशाचा एक तुकडा दाखवून दिला होता, चाळीसेक पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढा. त्या तुकड्यात एक ठिपका आता नव्याने उजळला असणार, आणि तासातासाला मंद होत जाणार. तो जमिनीवरच्या दुर्बिणींनी शोधायचा.

आप्पांना हे लगेच कळलं. त्यांच्या हिशेबाने हे असं झालं, की पांडेसऱ्यातल्या कुठल्यातरी मिलच्या कुठल्यातरी ताक्यावर डाग आहे, तर शोधा. त्यांनी स्टूल ओढलं आणि बोलावण्याची वाट न पाहता मुलीच्या खांद्यामागे बसले.

दुर्बिणीने पाऊण तासात सोळा फोटो काढले. कॉम्प्युटरने ते जुन्या फोटोंशी ताडून पाहिले आणि जे जे नवं दिसलं त्याची यादी केली. एकशेचाळीस ठिपके निघाले. त्यांतले बहुतेक सगळे खोटे, कॅमेऱ्याची धूळ, शेजारच्या मोठ्या ताऱ्याची चकाकी असं काहीबाही. ते माणसाने एकेक करून डोळ्यांनीच निवडायचे असतात, हे ऐकल्यावर आप्पांची छाती दोन इंच फुगली. शिकलेल्या लोकांचं शेवटी चेकिंगवरच अडतं, हे त्यांनी सरलाबाईंना स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

उज्ज्वला एकेक ठिपका काढत गेली. आधी आप्पा गप्प बसले. विसाव्यापासून ते "धूळ" म्हणायला लागले. तिसाव्यापासून उज्ज्वलाच त्यांच्याकडे बघायला लागली, कारण त्यांचं चुकत नव्हतं. एकसष्टाव्या ठिपक्यावर तिचं बोट पुढे निघालं होतं, तेवढ्यात आप्पांनी तिचं मनगट धरलं.

"थांब," ते घरच्या अहिराणीत म्हणाले. "हाऊ खरा शे."

तिने निरखून पाहिलं. जुन्या फोटोत तिथे काळोख होता आणि नव्यात स्वच्छ, गोल, बारीक ठिपका. तिलाही तो खराच वाटला. तरी ती म्हणाली, की वीस मिनिटांनी आणखी एक फोटो काढू. सूर्याभोवती फिरणारे छोटे दगड असतात, लघुग्रह म्हणतात त्यांना, ते असेच दिसतात. दगड असला तर वीस मिनिटांत जागेवरून सरकतो. तिने दुर्बिणीला तशी आज्ञा दिली आणि पंधरा मिनिटांनी लडाखवर ढग आले. मग तिने ओळखीच्या लघुग्रहांची यादी उघडायला घेतली. पण उतराणीच्या संध्याकाळी अख्खं सुरत गच्चीवर उभं राहून पतंगांचे व्हिडिओ पाठवत होतं, त्यात नेट रेंगाळलं होतं. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, यादी काही उघडेना.

इथे आप्पांनी जे केलं ते त्यांनी मिलमध्ये कुणाला करू दिलं नसतं. एक डाग सापडला म्हणून त्यांनी कधी ताका गुंडाळला नव्हता. शेवटच्या वारापर्यंत उलगडून बघायचा आणि मगच सही करायची, हा त्यांचा नियम. पण हा ताका पोरीचा होता. जगभरातल्या दुर्बिणींना तीच बातमी गेली होती, आणि जो आधी कळवेल त्याचं नाव आधी लागणार होतं. आप्पा म्हणाले, यादी मग पाहू, आधी पाठव. पंचवीस वर्षांच्या मुलीला बापाने असं म्हटल्यावर आणखी काय हवं असतं? असले स्फोट शोधणाऱ्या सगळ्यांना एकदम जातं तसं चार ओळींचं पत्र तिने इंग्रजीत लिहिलं. ज्याने डाग पाहिला त्याची सही लागते, असं आप्पा हसत हसत म्हणाले. हसत होते, पण म्हणाले. तिने शेवटी एक ओळ घातली, की हा ठिपका सर्वप्रथम सुकदेव यांनी ओळखला. असल्या पत्रांत अशी ओळ कुणी घालत नाही. तिने घातली आणि तेवढं पत्र त्या नेटवरूनही सगळ्या जगाला गेलं.

त्यानंतर तिला लॅपटॉपजवळ बसूच दिलं नाही. आप्पांनी तिला पेढ्यांच्या पुड्यासकट पाच घरी फिरवलं आणि पाचही ठिकाणी विश्वाच्या आरंभापासून सुरुवात केली. कोपऱ्यावर हिलालचं बॅनर छापायचं दुकान होतं. आप्पा आणि तो खान्देशातल्या एकाच गावचे. त्याने सगळं ऐकून घेतलं, समजलं किती ते त्याचं त्याला ठाऊक, आणि म्हणाला, की गावच्या माणसासाठी एवढं मी करणारच.

सकाळी आठ वाजता गल्लीच्या तोंडाशी बॅनर लागलेला होता. बारा फूट बाय आठ. पुतण्याच्या लग्नातला फेटा आणि काळा चष्मा घातलेले आप्पा मधोमध, मागे शनी त्याच्या कड्यासकट, कारण हिलालकडे आकाशाचं तेवढंच चित्र होतं. वर लिहिलं होतं, डिंडोलीची शान, आकाशातील स्फोट शोधणारे मा. सुकदेव आप्पा यांचे हार्दिक अभिनंदन. उज्ज्वलाचाही फोटो होता, खालच्या कोपऱ्यात, ओळखपत्रावर असतो तेवढा. खान्देशी मंडळाने रविवारी शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठेवल्याचा निरोपही चहाच्या आधी येऊन गेला.

आप्पा बॅनर पाहून परत आले तेव्हा उज्ज्वला लॅपटॉपसमोर बसली होती. तिने त्यांना खाली बसायला सांगितलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. यादी सकाळी उघडली होती. एकसष्टावा ठिपका लघुग्रह होता. नवाही नव्हता, त्याला क्रमांक होता, नाव होतं, आणि तीस वर्षांपासून तो कुठल्या तारखेला कुठे असणार हे छापील मिळत होतं. खरा ठिपका स्पेनमधल्या लोकांनी त्यांच्याकडे अंधार पडल्यावर शोधला होता.

आप्पांनी विचारलं, तो आपल्या यादीत नव्हताच का?

"व्हता," उज्ज्वला म्हणाली. "चौसष्टावा."

आणखी तीन वेळा बोट पुढे न्यायचं होतं. सव्वीस वर्षांत लाखो वार कापड शेवटपर्यंत उलगडलेला माणूस तीन ठिपके आधी थांबला होता.

तिच्या गाईडबाईंचा फोन येऊन गेला होता. बाई रागावल्या नव्हत्या. या कामात असं होतं म्हणाल्या, चूक मागे घेतल्याचं पत्र आजच्या आज पाठव म्हणाल्या. आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली. स्पेनवाल्यांच्या आधी पाच-सहा तास काढलेला त्या ठिपक्याचा फोटो जगात फक्त यांच्याकडे होता. तो किती तेजस्वी होता ते मोजून त्याच पत्रात दे, सगळ्यांना उपयोग होईल. उज्ज्वलाने ते मोजलंही होतं. पत्र तयार होतं. त्यात लिहिलं होतं, की आमचं पहिलं पत्र चुकीचं होतं आणि लघुग्रहांची यादी न तपासता उज्ज्वलाने ते पाठवलं.

"तुमनं नाव मी लिखनार नई," ती म्हणाली. "चूक मन्ही शे."

आप्पा बरं म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. ती पत्रं वाचणारा माणूस डिंडोलीत कोण होता? बॅनर महिनाभर राहिला असता, मग उन्हाने विटला असता, शाल कपाटात गेली असती. कुणाचं काही बिघडत नव्हतं. ते चप्पल घालून बाहेर पडले.

कोपऱ्यापर्यंत जायला त्यांना अर्धा तास लागला, कारण जो तो थांबवत होता. भटू टेलरने मशीन थांबवून हात जोडले. शेजारच्या वत्सलाबाईंनी नातवाला त्यांच्या पाया पडायला लावलं आणि तोही पतंग सोडून मुकाट्याने वाकला. मिलमधला त्यांच्याच टेबलावरचा लोटू भेटला. तो म्हणाला, की आप्पा, तुमची सही म्हणजे सही, आता देवाच्या कापडावरही चालते. आप्पा त्याच्याकडे बघून हसले आणि त्यांना लाज वाटली. अशी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर पोरीचं ते पत्र आलं. त्यात चुकीखाली तिची सही होती, आणि वर बारा फुटांत फेटा बांधलेला चेहरा त्यांचा होता. आपण पास केलेल्या ताक्यावर पोरीला सही करायला लावून ते शाल पांघरणार होते.

ते तसेच घरी परतले. सरलाबाईंनी चहा पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. पत्र गेलं का, असं त्यांनी उज्ज्वलाला विचारलं. गेलं नव्हतं, आकडे ती पुन्हा एकदा तपासत होती.

"मन्हं नाव लिख," आप्पा म्हणाले. "डाग मी पास करा. तू थांबी राहिंती, मीच घाई करी."

असं या पत्रांत लिहीत नाहीत, असं ती म्हणाली. पहिल्या पत्रात तरी कुठे लिहितात, असं आप्पा म्हणाले. तिने शेवटी एक ओळ वाढवली, की पहिला ठिपका निवडताना सुकदेव यांची आणि तिची चूक झाली. ती तिने वाचून दाखवली. आप्पांनी तिला ‘आणि तिची’ हे शब्द काढायला सांगितले. ते तिने ऐकलं नाही. मग पत्र गेलं.

सरलाबाई इतका वेळ दारात उभ्या होत्या. आता तो कोपऱ्यावरचा फेटा कोण उतरवणार, एवढंच त्यांनी विचारलं. आप्पांनी पायातली चप्पल अजून काढलीच नव्हती.

हिलाल दुकानात एकटाच होता. आप्पांनी त्याला सगळं सांगितलं, या वेळी विश्वाच्या आरंभापासून नाही, एकसष्टाव्या ठिपक्यापासून. हिलाल म्हणाला, त्यात काय एवढं, उद्या पहाटे गुपचूप काढून टाकतो, कुणी विचारलं तर वाऱ्याने फाटला म्हणू. आप्पांनी नाही म्हणून मान हलवली. खिशातला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्यावर त्यांनी लिहून आणलं होतं, की आप्पांनी शोधलेला तारा हा तारा नव्हता, साधा दगड होता. खरा तारा स्पेनच्या लोकांनी शोधला. उज्ज्वलाने त्याचा सगळ्यात पहिला फोटो काढला आहे, तो खरा आहे. रविवारचा कार्यक्रम रद्द. खाली सही होती, ताक्यावर करायचे तीच.

हिलालने कागद दोनदा वाचला.

"आप्पा, चुकीना बॅनर आजलगून कोणीच छापा नई," तो म्हणाला. मग धंद्याची सवय म्हणून त्याने विचारलं, की साइज काय धरू, दोन बाय तीन?

"बारा बाय आठ," आप्पा म्हणाले. "पहिला व्हता तेवढाच. नि फोटो मन्हाच राहू दे."